गच्चीवर माझीच सावली सरकली इतका तेजस्वी अग्निगोल पाहिला. तो किती लांब होता आणि आता काय नोंदवून ठेवू?

पाऊलवाट

काल रात्री वाळत घातलेले कपडे काढायला गच्चीवर गेले होते. दिवा लावलेला नव्हता. अचानक फरशीवर माझी सावली उमटली आणि ती सरकायला लागली. आधी वाटलं, कोणीतरी टॉर्च मारतंय. वर पाहिलं तर जवळजवळ डोक्यावरून एक पांढरा-हिरवट गोळा वायव्येकडे निघाला होता. मला मोजकेच तारे ओळखता येतात, पण ते नेमके तिथेच होते. भाद्रपदेच्या चौकोनापासून निघून तो हंसाच्या शेपटीच्या ताऱ्याजवळून खाली गेला. त्या ताऱ्याच्या थोडं खाली तो भसकन उजळला, वेल्डिंगच्या उजेडासारखा डोळ्यांत घुसला. मग नारिंगी झाला, दोन-तीन तुकडे एकामागोमाग दिसले आणि अभिजितच्या उजवीकडे डोंगराआड गेले. सगळं मिळून पाचेक सेकंद. मागे धुरासारखी एक फिकट रेघ थोडा वेळ राहिली.

अंगावर काटा आला होता. लगेच भावाला फोन लावला. फोनमध्ये त्या कॉलची वेळ ९:३२ दिसते, कॉल पाच मिनिटांचा आहे. बोलणं संपत आलं असताना दूरवर गडगडलं, दोनदा, आणि जिन्याच्या खिडकीची काच थरथरली. आभाळ स्वच्छ होतं, ढग नव्हतेच.

भाऊ म्हणतो, डोंगराच्या पलीकडेच पडलाय, सकाळी जाऊन शोधू. शेजारचे काका म्हणतात, उपग्रहाचा तुकडा असणार. मला तीन गोष्टी जाणून घ्यायच्या आहेत. हे नेमकं काय होतं? ते किती लांब होतं? आणि माझ्या पाहण्याचा कोणाला काही उपयोग होऊ शकतो का? हे नुसतं 'वा, काय दिसलं' म्हणून विसरून जावं असं वाटत नाही.

रातराणी_एक्स्प्रेस

मीही पाहिला! मी रात्रीच्या बसमध्ये खिडकीपाशी होतो. पण मला तो तुम्ही म्हणता तसा धावताना नाही दिसला. आग्नेयेकडे एक तारा जागच्या जागी वाढत गेला, एकदम लखलखला आणि विझला. हलला असेल तर अगदी थोडा. आवाज आला नाही, पण बसच्या इंजिनात काय ऐकू येणार. मी तुमच्यापासून बराच लांब, वायव्येला असेन. दोघांनी एकच वस्तू पाहिली का, अशी शंका येते.

खटपट्या

शेजारच्या काकांचं म्हणणं उडवून लावू नका. २ एप्रिल २०२२ ला संध्याकाळी महाराष्ट्र, गुजरात आणि मध्य प्रदेशातून लोकांनी असाच प्रकार पाहिला होता. तेव्हाही सगळे उल्का म्हणत होते आणि नंतर चंद्रपूर जिल्ह्यात धातूचं भलंमोठं कडं सापडलं. तो चिनी रॉकेटचा टप्पा होता. तुकडे होणं, नारिंगी रंग, सगळं जुळतं.

ओळंबा

पाऊलवाट, तुम्ही फार चांगलं लिहिलं आहे. ताऱ्यांच्या संदर्भाने वाट सांगणारे लोक कमी असतात. मी आयुष्यभर जमीन मोजणीचं काम केलं, निवृत्तीनंतर आकाशाकडे वळलो, त्यामुळे माझं सगळं बोलणं कोनांभोवती फिरेल. ते सहन करा.

आधी उपग्रहाचा मुद्दा. खटपट्या, २०२२ ची घटना तुम्ही बरोबर सांगितली, पण तिचे व्हिडिओ आठवा. तुकड्यांचा तांडा आकाशाच्या एका बाजूकडून दुसरीकडे सावकाश चालला होता, लोकांना मोबाइल काढून चित्रण करायला वेळ मिळाला होता. पृथ्वीभोवती फिरणारी वस्तू खाली येते तेव्हा तिचा वेग सेकंदाला ८ किलोमीटरच्या आतबाहेर असतो आणि ती जवळजवळ आडवी येते. आकाश ओलांडायला तिला बहुधा मिनिटभर किंवा जास्तच लागतं. बाहेरून येणारा दगड सेकंदाला किमान ११ किलोमीटर आणि कमाल ७२ किलोमीटर वेगाने शिरतो. डोक्यापासून डोंगरापर्यंतची वाट पाच सेकंदांत संपली असेल तर ती उल्काच. शुक्रापेक्षा तेजस्वी उल्केला अग्निगोल म्हणतात. सावली पडून सरकली, म्हणजे तुमचा अग्निगोल शुक्राच्या कितीतरी पुढे गेला होता.

आता 'डोंगराच्या पलीकडे'. जगभर अग्निगोल पाहणारी माणसं हेच सांगतात: शेतात पडला, त्या इमारतीमागे पडला, तलावात पडला. डोळ्याला अंतर कळायला वस्तूचा आकार तरी माहीत लागतो किंवा ती कशाच्या तरी पुढे-मागे आहे हे तरी दिसावं लागतं. रात्रीच्या आभाळात यातलं काहीच नसतं. मग तेज जितकं जास्त तितकी वस्तू जवळ, असा हिशेब मन परस्पर करून टाकतं.

खरं गणित असं. दगड जमिनीपासून १०० किलोमीटरच्या आसपास उजळायला लागतो. चांगला मोठा असेल तर २०-३० किलोमीटर उंचीपर्यंत तेजस्वी राहतो. त्याखाली वेग इतका उतरतो की उजेडच बंद होतो आणि उरलेला दगड शेवटची काही मिनिटं काळोखात, साध्या दगडासारखा खाली येतो. म्हणजे डोंगराआड जाताना तो अजून पेटलेला होता, याचाच अर्थ तो डोंगराच्या खूप पलीकडे, जमिनीपासून वीसेक किलोमीटर उंच किंवा त्याहून वर होता. क्षितिजापासून १० अंशांवर दिसणारी आणि ३० किलोमीटर उंच असलेली वस्तू तुमच्यापासून १७० किलोमीटर लांब असते. ५ अंशांवर असेल तर ३०० च्या घरात. भावाला सांगा, सकाळी डोंगरापलीकडे जाऊन पाय दुखतील, हाती काही लागणार नाही.

तुमच्या गडगडाटाने मात्र मी खुर्चीत सरसावून बसलो. फार उंचावर विझणाऱ्या उल्केचा आवाज खाली पोचत नाही. आवाज आला म्हणजे दगड बराच खोल उतरला होता. आवाजाला एक किलोमीटर यायला तीन सेकंद, वरच्या थंड हवेत थोडे जास्त. कॉलच्या नोंदीवरून चार मिनिटं धरली तर जिथून आवाज निघाला ती जागा तुमच्यापासून सत्तर ते ऐंशी किलोमीटर, आणि ही तिरकी रेघ आहे, जमिनीवरचं अंतर नाही.

आता कामाचं. आज उजेड असताना गच्चीवर जा आणि हे करा.

जिथे उभ्या होतात ती जागा खडूने आखा. त्याच जागेवर उभं राहून हात पूर्ण ताणून मूठ धरा, एका मुठीची उंची साधारण १० अंश. डोंगराच्या ज्या खाचेत गोळा गेला ती खाच क्षितिजापासून किती मुठी वर आहे ते मोजा. घरात कंपासपेटी असेल तर कोनमापकाच्या मध्यातून दोरा ओवून खाली वजन बांधा आणि सरळ कडेवरून नेम धरा, मुठीपेक्षा बरंच अचूक येतं. दिशा होकायंत्राने घ्या, पण लोखंडी कठड्यापासून आणि टाकीच्या पाइपांपासून चार पावलं दूर होऊन. लोखंडाजवळ सुई खोटं बोलते. रात्री त्याच वेळेला पुन्हा जा, तारे जवळजवळ त्याच जागी असतील, फक्त चार मिनिटं आधी पोचतील. फुटण्याची जागा हंसाच्या शेपटीपासून किती मुठी खाली होती ते तेव्हा ठरवा.

आणि लिहिताना पेन्सिल किंवा पेन काहीही घ्या, पण खोडू नका. मोजणीच्या वहीत आम्ही चुकलेला आकडा एक आडवी रेघ मारून रद्द करायचो आणि वर नवा लिहायचो, कारण कधी कधी पहिलाच बरोबर निघतो. दुसऱ्यांचे व्हिडिओ, बातम्या, या धाग्यावरची पुढची उत्तरं, हे सगळं लिहून झाल्यावर वाचा. आठवण फार लवकर दुसऱ्याच्या वर्णनाला चिकटते, विशेषतः रंग आणि वेळ.

रातराणी_एक्स्प्रेस, तुमची शंका अगदी रास्त आहे आणि तिचं उत्तर मला सुंदर वाटतं. एकच गोळा होता. तो पाऊलवाट यांच्यापासून दूर जात होता आणि तुमच्या रोखाने येत होता. आपल्याकडे सरळ येणारी वस्तू बाजूला सरकत नाही, जागच्या जागी वाढते. म्हणजे त्याच्या वाटेची रेघ पुढे ताणली तर ती तुमच्या बसच्या फार लांबून जात नसणार. बस त्या क्षणी कुठे होती, ते शोधाल का? मोबाइलमध्ये प्रवासाची नोंद ठेवणारी सोय चालू असेल तर मिळेल. नसेल तर तिकिटावरची सुटण्याची वेळ आणि त्यानंतर लगेच आलेला थांबा, यावरून काढता येईल.

१७९८ साली गॉटिंगेनमध्ये ब्रांडेस आणि बेन्झेनबर्ग या दोन विद्यार्थ्यांनी काही किलोमीटर अंतरावर उभं राहून एकाच वेळी आकाश पाहिलं, दिसलेल्या उल्का ताऱ्यांच्या नकाशावर मांडल्या आणि दोघांच्या नकाशांतल्या फरकावरून उंची काढली. तोवर उल्का म्हणजे हवेतलाच काहीतरी प्रकार असं बहुतेकांना वाटत असे. दोन जागा, दोन कोन आणि मधलं अंतर, एवढंच त्यांच्याकडे होतं. आमची सगळी मोजणी याच त्रिकोणावर चालते. तुम्हा दोघांकडे आज तेच आहे.

पाऊलवाट

ओळंबा, मनापासून आभार. तुम्ही सांगितल्यावर धागा बंद केला आणि आधी वहीत लिहून काढलं. भावालाही कामाला लावलं. त्याने कोनमापकाला दोरा बांधून दिला, खाली स्क्रू लटकवला.

डोंगराची ती खाच: १० अंश. मुठीने मोजलं तरी एक मूठच येते. दिशा वायव्य, सुईवर ३१०. कठड्याजवळ तीच सुई ३२५ दाखवत होती, तुमचं बोलणं पटलं.

फुटण्याची जागा काल रात्री परत पाहिली. हंसाच्या शेपटीपासून एक मूठ खाली. क्षितिजापासून २७ अंश. भावाने आणि मी वेगवेगळं मोजलं, त्याला माझ्या बोटाच्या दिशेवरून २८ आलं.

सावलीबद्दल तुम्ही विचारलं नव्हतंत, पण मला ती सगळ्यात स्पष्ट आठवते. कपड्यांच्या दोरीचा खांब आहे, त्याची सावली फरशीच्या एका सांध्यावर आली तेव्हाच एकदम काळीकुट्ट झाली होती. तो सांधा कुठला ते मला दाखवता येईल.

अजून एक. मला 'वृषभ राशीचा उल्कावर्षाव' सध्या चालू आहे असं एकाने सांगितलं. हा त्यातला असेल का?

ओळंबा

सावलीचं वाचून मी दोन मिनिटं गप्प बसलो होतो. तो खांब आणि तो सांधा म्हणजे तुमच्या गच्चीवरचं कोनमापकच आहे, आणि ते आठवणीपेक्षा पक्कं आहे. खांबाची उंची मोजा, बुडापासून सांध्यावरच्या सावलीच्या टोकापर्यंतचं अंतर मोजा. उंचीला अंतराने भागा, येईल तो त्या कोनाचा टॅन्जंट. खांब २ मीटर असेल आणि सावली ४ मीटरच्या जरा आत येत असेल तर तुमचे २७ अंश बरोबर ठरले. सावलीची दिशाही घ्या, गोळा तिच्या बरोबर विरुद्ध बाजूला होता.

१५ फेब्रुवारी २०१३ ला रशियात चेल्याबिन्स्कवर सुमारे २० मीटर व्यासाचा दगड फुटला तेव्हा त्याची वाट काढायला शास्त्रज्ञांनी हेच केलं. गाड्यांमधले आणि रस्त्यांवरचे कॅमेरे होते, त्यात कित्येकांत गोळा चौकटीत आलाच नव्हता. पण चौकातल्या दिव्याच्या खांबांच्या सावल्या जमिनीवर फिरताना दिसत होत्या. तेवढ्यावरून दिशा आणि उंचीचा कोन मिळाला.

आता तुमचे आकडे एकत्र करू. तिरकं अंतर ७५ किलोमीटर, कोन २७ अंश. उंची येते ३४ किलोमीटर, आणि फुटण्याच्या जागेखालची जमीन तुमच्यापासून ६७ किलोमीटर. दगड फुटायला ही उंची अगदी साजेशी आहे. चेल्याबिन्स्कचा सर्वांत मोठा स्फोटही ३० किलोमीटरच्या आसपासच झाला. डोंगराआड जाताना तो २० ते २५ किलोमीटरवर असेल तर ११० ते १४० किलोमीटर लांब. रातराणी यांनी काल मला बसची जागा कळवली. तुम्हा दोघांमधलं अंतर १८० किलोमीटरच्या आसपास भरतं, आणि तुमच्याकडून ते वायव्येलाच येतात. म्हणजे गोळा तुमच्या दोघांच्या मध्ये विझला. दोन स्वतंत्र माणसांच्या सांगण्यातून हे जुळतंय याचा मला फार आनंद आहे. पण इतक्या ढोबळ कोनांवर गाव सांगता येणार नाही, मी सांगणारही नाही. एका अंशाची चूक शंभर किलोमीटरवर पावणेदोन किलोमीटर होते. वाटेच्या बाजूला उभा असलेला तिसरा साक्षीदार हवा.

वृषभेचं: मला नाही वाटत. वर्षावातल्या उल्केची वाट मागे ताणली की ती त्या वर्षावाच्या उगमाकडे गेली पाहिजे. वृषभेची उल्का कृत्तिकांच्या बाजूने, म्हणजे त्या वेळी तुमच्या पूर्वेकडून आली असती. तुमची वाट मागे ताणली तर ती डोक्यावरून आग्नेयेला उतरते. शिवाय वृषभेचा उगम तेव्हा चांगला वर आलेला होता, तिथून येणारा दगड बराच तिरपा खाली घुसला असता. तुमचा बराच आडवा चालला होता. बहुधा कोणत्याही वर्षावात नसलेला एकटा दगड. असे दगड बहुतेक लघुग्रहांच्या पट्ट्याकडून येतात. चेकोस्लोव्हाकियात ७ एप्रिल १९५९ ला पडलेल्या प्रिब्रमच्या अग्निगोलाचे फोटो दोन ठिकाणच्या कॅमेऱ्यांत सापडले होते, त्यांवरून दगड शोधले गेले आणि त्याची सूर्याभोवतीची कक्षा काढता आली. ती मंगळ-गुरूच्या मधल्या पट्ट्यापर्यंत जात होती. हातात धरलेल्या दगडाचा असा पत्ता त्याआधी कोणालाच देता आला नव्हता.

हिरवा_चाफा

माझ्या आईने तोच गोळा अंगणातून पाहिला, ईशान्येकडे, डावीकडे जाताना. ती ठामपणे म्हणते की तो दिसत असतानाच 'सुर्रर्र' असा आवाज येत होता, नंतर नाही, तेव्हाच. घरातले सगळे तिला भास झाला म्हणतात. वरचं गणित वाचलं तर आवाज मिनिटांनी यायला हवा. मग तिला काय सांगू?

ओळंबा

आईंना सांगा, त्या एकट्या नाहीत. एडमंड हॅली यांनी १७१९ च्या अग्निगोलाचा अभ्यास केला तेव्हाही लोकांनी हेच सांगितलं होतं. हॅलींनी उंची काढली, इतक्या लांबून आवाज लगेच पोचणं शक्य नाही हे पाहिलं आणि कल्पनेचा खेळ म्हणून ते बाजूला ठेवलं. पण तीनशे वर्षं निरनिराळ्या देशांतली, एकमेकांना न ओळखणारी माणसं तेच सांगत आली आहेत. १९८० मध्ये कॉलिन की यांनी मांडलं की अग्निगोलातून निघणाऱ्या अतिकमी कंप्रतेच्या रेडिओ लहरी प्रकाशाच्या वेगाने येतात आणि जवळच्या वस्तूंना थरथरवतात. २०१७ मध्ये दुसरी कल्पना आली: गोळ्याचं तेज झपाट्याने कमी-जास्त होतं, त्याने पानं, केस, गडद कापड यांच्यालगतची हवा किंचित तापते-निवते आणि तिथेच आवाज तयार होतो. निकाल लागलेला नाही. आई कुठे उभ्या होत्या, आसपास झाडी होती का, केस मोकळे होते का, डोक्यावर पदर होता का, हे सगळं त्यांच्याच शब्दांत लिहून घ्या. भास म्हणणाऱ्यांना त्या वेळी खोलीबाहेर पाठवा.

आणि त्या नैऋत्येच्या बाजूने पाहत होत्या! मला हवा होता तो तिसरा कोन हाच. त्यांना तो अंगणातल्या कोणत्या झाडावरून किंवा छपराच्या कोणत्या कोपऱ्यावरून विझताना दिसला, हे आजच विचारा. त्यांनी जिथून पाहिलं तिथेच त्यांना उभं करा, तुम्ही त्यांच्या शेजारी खाली वाकून त्यांच्या डोळ्यांच्या उंचीवरून कोन घ्या.

रातराणी_एक्स्प्रेस

समजा जागा निघाली आणि कोणाला दगड सापडला, तर तो ओळखायचा कसा? लोहचुंबक घेऊन फिरू का? आणि तो तापलेला असेल ना?

ओळंबा

लोहचुंबक नको, ही कळकळीची विनंती. या दगडांत काही वेळा सूर्यमालेच्या सुरुवातीच्या चुंबकीय क्षेत्राची खूण टिकून असते, साडेचारशे कोटी वर्षं जुनी. जोरदार चुंबक एकदा टेकवला की ती पुसली जाते. ताज्या दगडावर कागदाइतकं पातळ काळं कवच असतं, कडा गोलसर झालेल्या असतात, तुटलेल्या बाजूने आतला फिकट करडा रंग दिसतो. आत भोकं भोकं असतील तर बहुधा तो भट्टीतला मळ. तापलेला नसतो, शेवटची काही मिनिटं तो गार हवेतून पडलेला असतो. आधी जागेवरच फोटो काढा, शेजारी मापाला पट्टी ठेवून. नुसत्या हाताने न उचलता स्वच्छ अ‍ॅल्युमिनियम फॉइलमध्ये घ्या, धुऊ नका. आणि कोणाच्या शेतात जायचं तर आधी शेताच्या मालकाला विचारा.

पण शोधाची घाई आत्ता नाही, कॅमेऱ्यांची आहे. दुकानं, सोसायट्या, पेट्रोलपंप यांचं सीसीटीव्ही चित्रण काही दिवसांनी आपोआप पुसलं जातं. तुमच्या ओळखीत जिथे जिथे कॅमेरा असेल तिथे आजच सांगून ९:२८ ते ९:३८ एवढा भाग जपून ठेवायला लावा. गोळा दिसत नसला तरी चालेल, अंगण उजळलेलं आणि सावली फिरलेली दिसली तरी पुरे. कॅमेऱ्याचं घड्याळ खऱ्या वेळेपेक्षा किती पुढे किंवा मागे आहे, ते मोबाइलशी ताडून बाजूला लिहा. आंतरराष्ट्रीय उल्का संघटनेचा अग्निगोल नोंदवायचा अर्ज ऑनलाइन आहे. त्यात तुम्ही तिघांनी आपापली नोंद स्वतंत्रपणे भरा, एकमेकांचे आकडे न पाहता. माझे वरचे आकडेही त्यात घालू नका, फक्त तुमच्या वहीतलेच घाला.

हिरवा_चाफा

आईला विचारलं. गोठ्याच्या पत्र्याच्या उजव्या टोकावर विझला म्हणते. आत्ता कोनमापक घेऊन बाहेर चाललोय. समोरच्या दुकानदारांना फोन केला आहे, त्यांचा कॅमेरा रस्त्याकडे आहे आणि पाच दिवसांचं चित्रण राहतं म्हणाले.